कागदाची फुले आणि मागचे नाव

संपादिकाबाईंनी "यंदा स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहा" असा आग्रह केला, तेव्हा माझ्यापुढे पतंगाच्या कागदाचे कपटे, खळीची वाटी आणि चिमटा असा पसारा मांडलेला होता. आपल्या बालवाडीसाठी मंडळाने जे बाहुलीघर केले, त्यातील फुलदाण्या व कुंड्या भरण्याचे काम माझ्याकडे आले होते. हे घर फुटाला एक इंच या मापाचे. म्हणजे तीन इंचांचा गुलाब येथे पाव इंचात बसवावयाचा! पाकळी कापायची ती ज्वारीच्या दाण्याएवढी. टाचणीच्या डोक्यावर दाबून तिला बाक द्यायचा आणि मग बारीक तारेच्या टोकाला एकेक पाकळी चिकटवायची. जरा जोरात श्वास सुटला, की अर्ध्या तासाचे काम उडालेच म्हणून समजा.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "काकू, या वयात डोळे कशाला शिणवता? बाजारात प्लॅस्टिकची मिळतात की!" माझे वय एकाहत्तर. त्या वेळी मी नुसती हसले. आज उत्तर देते.

इंग्लंडात 1700 साली मेरी ग्रॅनव्हिल नावाची मुलगी जन्मली. सतराव्या वर्षी घरच्यांनी तिचे लग्न साठीकडे झुकलेल्या एका गृहस्थाशी लावून दिले. आपल्याकडे 1899 साली देवलांच्या 'संगीत शारदा' नाटकाने ज्या दुःखाला वाचा फोडली, तेच दुःख या मुलीने प्रत्यक्ष भोगले. सात-आठ वर्षांत ती विधवा झाली. पुढे 1743 साली तिने स्वतःच्या मनाने डॉ. पॅट्रिक डिलेनी या आयर्लंडमधील धर्मोपदेशकाशी विवाह केला. तो संसार पंचवीस वर्षे सुखाने चालला. 1768 साली तेही गेले. मूलबाळ नव्हते. आता उरलेले दिवस मोजावयाचे, असेच कोणालाही वाटले असते.

परंतु 1772 साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, मेरीबाईंच्या नजरेला एक तांबड्या कागदाचा तुकडा पडला. जवळच जिरेनियमचे फूल होते आणि दोहोंचा रंग हुबेहूब एक! त्यांनी कात्री उचलली व कागदाच्या पाकळ्या कापल्या. त्यांची मैत्रीण, पोर्टलंडची डचेस, खोलीत आली, तेव्हा तिला त्या पाकळ्या खऱ्याच वाटल्या, असे सांगतात.

मग दहा वर्षे हाच ध्यास. खरे फूल समोर ठेवावयाचे, त्याचे भाग न्याहाळावयाचे, रंगीत कागदाचे शेकडो बारीक तुकडे कापून ते काळ्या कागदावर एकावर एक चिकटवावयाचे. आपल्या कृष्णकमळाच्या कुळातील एका फुलात तर सव्वादोनशेहून अधिक पाकळ्या आहेत. एक हजार चित्रे पुरी करण्याचा त्यांचा संकल्प होता. 1782 साली दृष्टीने साथ सोडली व काम थांबले. 1788 साली त्या निवर्तल्या. त्यांची 985 चित्रे आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ती 1897 साली त्यांच्या नात्यातीलच एका स्त्रीच्या मृत्युपत्राने तेथे आली.

भगिनींनो, यातील एक गोष्ट मला फार लागली. मेरीबाई चित्राच्या मागे वनस्पतीचे नाव, तारीख आणि स्थळ लिहून ठेवीत. त्यामुळेच कोणते फूल कोठे, कोणत्या दिवशी त्यांच्या हातून उमलले, हे आज आपल्याला कळते.

माझी आई दर वर्षी गौरींच्या मखरासाठी कागदी शेवंती करीत असे. गल्लीतील बायका ती पाहावयास येत. गौरी उठल्या, की फुले उतरत आणि यथावकाश केरात जात. आज त्यांतले एकही फूल उरलेले नाही. मी गेल्यावर ती कोणी केली हे सांगणारेही कोणी राहणार नाही. दूर कशाला, आपल्या मंडळाच्या कपाटातील मण्यांचे तोरण कोणाच्या हातचे आहे, हे आपल्यापैकी कोणाला सांगता येईल काय? मी पुष्कळ जणींना विचारले. प्रत्येकीने दुसरीकडे बोट दाखविले!

म्हणून मी एक केले आहे. बाहुलीघराच्या तळाला आतून एक कागद चिकटविला आहे. गुलाब कोणी केले, पडदे कोणी शिवले, चटई कोणी विणली, हे तारखेसह त्यावर लिहावयाचे. आपले नाव राहिले असेल, तर येत्या सभेला येऊन अवश्य लिहून जावे.

त्या कागदावर वहिनींचेही नाव आहे. त्या बसल्या बसल्या चार मोगरे करून गेल्या. प्लॅस्टिकची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.