केडगावची रमाबाई आणि यतीमांची अमानत

पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव नावाचं छोटं स्टेशन लागतं. सव्वाशे वर्षांपूर्वी दुष्काळातून वाचलेल्या शेकडो मुली इथे आणल्या गेल्या. त्यांना आणणारी बाई स्वतः दुष्काळात अनाथ झालेली होती. तिचं नाव पंडिता रमाबाई.

रमाबाईंवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. कुणी त्यांना समाजसुधारक म्हणून डोक्यावर घेतलं, तर कुणी धर्म बदलला म्हणून दूर लोटलं. मला या लेखात वेगळाच प्रश्न विचारायचा आहे. धर्माच्या नावाने मुलांमध्ये काम करणाऱ्या माणसाचं स्वतःचं ईमान कसं शाबूत राहतं? हा प्रश्न आपलाही आहे. मदरसा, यतीमखाना, शाळा चालवणारे आपल्यातही आहेत. सकाळपासून हिशेब, किराणा, आजारपण आणि भांडणं निस्तरता निस्तरता नमाज उरकली जाते आणि दुआ राहून जाते, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं आणि आईने ते रमाबाईंना शिकवलं. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणं सांगत फिरत असे. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात अन्न संपलं आणि थोड्या काळात वडील, आई आणि बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. पुढे भाऊही गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, पण 1882 मध्ये कॉलऱ्याने तेही गेले. पदरात लहानगी मनोरमा होती.

1883 मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या सिस्टरांच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. खरी कसोटी इथून पुढे सुरू झाली. सिस्टर जेराल्डिन त्यांच्या मार्गदर्शक होत्या. चर्च सांगेल ते नव्या बाईने मानावं, अशी त्यांची अपेक्षा होती. रमाबाईंनी ते मानलं नाही. आपण देवापुढे उत्तरदायी आहोत, चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे नाही, असं त्या पत्रांतून ठामपणे मांडत राहिल्या. त्यांनी शाकाहार सोडला नाही. क्रूसावर लॅटिन शब्द कशाला, संस्कृत का नकोत, असंही विचारलं. त्रैक्याच्या सिद्धांतावर तर त्यांनी उघड शंका घेतल्या.

हा शेवटचा भाग वाचून आपल्यातले काही जण खूश होतात. जणू रमाबाई आपल्याच बाजूच्या होत्या! तसं म्हणणं प्रामाणिकपणाचं नाही. पुढे त्यांची ख्रिस्ती श्रद्धा पक्की झाली. 1891 च्या सुमारास आलेल्या अनुभवाबद्दल त्यांनी नंतर लिहिलं, त्याचा आशय असा की तोवर आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. आपला अकीदा त्यांच्यापेक्षा वेगळा आहे आणि तो वेगळाच राहणार. पण या कबुलीत धडा आहे. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाली होती, संस्था उभी होती, नाव झालं होतं. तरीही आत काहीतरी रिकामं आहे हे या बाईने स्वतःशी मान्य केलं. काम जोरात चालू असताना असं मान्य करणं फार अवघड असतं.

11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. तिथे मुख्यतः उच्चवर्णीय विधवा मुली शिकत. कुणावर धर्माची सक्ती नव्हती. सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाईंनी 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह केला. त्या हिंदूच राहिल्या. पण रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडं असे आणि मुली येऊन बसत. त्यातून 1893 मध्ये मोठं वादळ उठलं. ‘केसरी’ने झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागारपद सोडलं.

इथे मी रमाबाईंचीच बाजू घेऊन मोकळा होणार नाही. मी शिक्षक आहे. शिक्षक काय सांगतो यापेक्षा काय करतो याकडे मुलं जास्त बघतात. प्रेमाने सांभाळणाऱ्या बाईचं उघडं दार हेही मुलीसाठी एक आमंत्रण असतं. पालकांची काळजी त्यामुळे खोटी नव्हती. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर दार लावून, लपून इबादत करा असं कुणी आपल्याला सांगितलं, तर आपण ते मानू का? हा पेच सोपा नाही. दुसऱ्याचं मूल ही अमानत आहे आणि आपला दीनही अमानत आहे. दोन्ही सांभाळायच्या म्हणजे रोज स्वतःची नियत तपासायची. मला या मुलाची भूक दिसते, की माझ्या जमातीच्या यादीत वाढणारं एक नाव दिसतं?

1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या आणि मुलींचे सांगाडे पाहून त्यांना आपली जुनी भूक आठवली. त्यांनी मुली आणल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून केडगावला आधीच घेतलेल्या जमिनीवर त्यांना ठेवलं. हीच पुढे मुक्ती झाली. 1900 मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, शिक्षण, छापखाना असं सगळं मुली आणि बायका चालवू लागल्या. अंध मुलींनाही ब्रेल शिकवलं गेलं.

एवढा पसारा सांभाळताना रमाबाईंनी दोन गोष्टी सोडल्या नाहीत. एक, प्रार्थना. दिवसाची सुरुवात तिने होई. काम आटोपल्यावर वेळ उरला तर करू, असा हिशेब नव्हता. दुसरी, अभ्यास. संस्कृत पंडित असलेल्या या बाईने हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं. खेड्यातल्या, कमी शिकलेल्या बाईला कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. अनेक वर्षं हे काम चाललं आणि मुक्तीच्याच छापखान्यात मुलींनी त्याचे टाइप जुळवले. 1921 मध्ये मनोरमा गेली. लेकीच्या पाठोपाठ 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईही गेल्या.

आपल्याकडे यतीमाबद्दल बोलायला आयती, हदिसा भरपूर आहेत. सूरह माऊनमध्ये तर यतीमाला धक्के मारणाऱ्याची गणना दीन नाकारणाऱ्यांत केली आहे, आणि त्याच सूरहमध्ये दिखाव्यासाठी नमाज पढणाऱ्यांचीही खरडपट्टी आहे. या दोन गोष्टी एकाच छोट्या सूरहमध्ये शेजारी शेजारी आल्या आहेत. यतीमाची सेवा नमाजेला दिखाव्यापासून वाचवते आणि इख्लासची नमाज सेवेला घमेंडीपासून वाचवते, असा त्याचा अर्थ मी घेतो.

रमाबाईंचा धर्म आपला नाही. पण ज्या यतीमखान्यात मुलांना तीन वेळचं जेवण मिळतं आणि सांभाळणाऱ्याला स्वतःच्या रबसमोर बसायला सवड नसते, त्याने केडगावकडे एकदा बघावं. आणि ज्याच्या तस्बीहला खंड नाही, पण मोहल्ल्यातलं यतीम पोर भंगार वेचतंय, त्यानेही बघावं.