बंद लिफाफ्याचा मागोवा

१७४७ साली ‘सॅलिस्बरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड या डॉक्टरने स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबू मिळालेली जोडी सर्वांत आधी सुधारली. पण समुद्राचं पाणी त्याने पाजलं ते गुडघ्यामागच्या शिरा आखडलेल्या, सर्वांत खंगलेल्या दोघांना. त्यांना गुण आला नाही, तो दोष पाण्याचा की बळावलेल्या आजाराचा?

कोपनहेगनच्या योहानेस फिबिगर या डॉक्टरने १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या घटसर्पाच्या चाचणीत कोणाला काय द्यायचं ही निवड दाखल होण्याच्या दिवसावर सोपवली: एक दिवस येणाऱ्यांना सीरम, दुसऱ्या दिवशी येणाऱ्यांना नाही. पण आज कोणती पाळी आहे, हे दाखल करून घेणाऱ्याला ठाऊकच असतं, आणि ठाऊक असलं की निवडीत ढवळाढवळ होऊ शकते.

१९३० साली स्कॉटलंडच्या लॅनर्कशायरमध्ये सुमारे २०,००० शाळकरी मुलांपैकी निम्म्यांना प्रयोग म्हणून रोज दूध दिलं गेलं. दूध कोणाला, या यादीत फेरफार करायची मुभा शिक्षकांना होती. ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या संख्याशास्त्रज्ञ विल्यम गॉसेटने पुढच्याच वर्षी दाखवून दिलं की, दूध न मिळालेली मुलं सुरुवातीपासूनच वजनाने-उंचीने सरस होती. कळवळ्यापोटी शिक्षकांनी हडकुळ्या मुलांच्या ओंजळीत दूध घातलं असावं. प्रयोग बिघडवायला लबाडीच लागते असं नाही, माया पुरते.

यावरचा तोडगा ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिलने काढला. १९४७ साली ब्रिटनमध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनचा तुटवडा होता, म्हणून सर्वांना ते देणं शक्यच नव्हतं. चाचणीत कोणाला औषध आणि कोणाला नुसती विश्रांती, हे यादृच्छिक आकड्यांनी आधीच ठरवलं. चिठ्ठ्या लिफाफ्यांत बंद केल्या. वर फक्त रुग्णालयाचं नाव आणि क्रमांक. रुग्ण पक्का झाल्यावरच मध्यवर्ती कार्यालयात त्याचा लिफाफा उघडायचा. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी ४ दगावले, विश्रांतीवरच्या ५२ पैकी १४.

१९५६ साली मद्रासमध्ये याच रीतीने क्षयरुग्णांना घरी किंवा सॅनेटोरियममध्ये उपचार दिले गेले. घरचे उपचार जवळपास तितकेच गुणकारी ठरले, आणि खाट न मिळणाऱ्या लाखो गरिबांसाठी वाट मोकळी झाली.

लिफाफाही फोडता येतो. काहींनी तो दिव्यासमोर धरून आतली चिठ्ठी वाचली आहे. १९९५ साली केनेथ शुल्झ हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २५० चाचण्या तपासल्या, तेव्हा ही गुप्तता ढिली असलेल्या चाचण्यांत उपचाराचा गुण फुगून दिसला. आता हे काम बहुतेकदा दूरच्या संगणकाकडे असतं. म्हणून नव्या औषधाची टक्केवारी वाचताना आधी हे विचारावं: पुढच्या रुग्णाला काय मिळणार, हे त्याला दाखल करणाऱ्याला कळत होतं का? कळत असेल, तर त्या टक्केवारीवर भरवसा ठेवू नये.