खोटं रचण्याचा तास

1953 साली कोरियातलं युद्ध थांबलं, तेव्हा 21 अमेरिकी युद्धकैद्यांनी मायदेशी परतायला नकार दिला. अमेरिकेत गहजब उडाला. यांची डोकी फिरवली तरी कशी? विल्यम मॅग्वायर या मानसशास्त्रज्ञाला मात्र प्रश्न पडला तो बिनविरोध मतांचा: ज्यावर कधी कुणी वादच घातला नाही, ते मत पहिल्याच धक्क्याला ढासळतं का? 1961 च्या सुमारास त्याने विद्यार्थ्यांवर प्रयोग केले, तेही ‘जेवणानंतर दात घासावेत’ असल्या निरुपद्रवी वाक्यांवर. आधी विरोधातला एखादा लेचापेचा मुद्दा ऐकवायचा, तो खोडून दाखवायचा आणि मग खरा हल्ला चढवायचा. ही ‘लस’ मिळालेले बरेचसे टिकले. ज्यांना नुसते बाजूचे मुद्दे पढवले होते, ते ढेपाळले.

केंब्रिजच्या सँडर व्हॅन डर लिंडेन आणि यॉन रोझेनबेक यांनी या कल्पनेचा खेळ केला. आधी नेदरलँड्समधल्या एका शाळेत 95 मुलांना निर्वासितांवरच्या खोट्या बातम्या रचायला बसवलं, कागदाचे तुकडे जुळवून. मग फेब्रुवारी 2018 मध्ये ‘बॅड न्यूज’ हा ऑनलाइन खेळ आला. खेळणारा खोटारड्याच्या खुर्चीत बसतो, अनुयायी जमवतो, भावना भडकवतो. फारच अचाट थाप मारली तर विश्वासार्हता घसरते. मला ही अट सगळ्यात आवडते.

मी आठवीला शिकवते. वर्गात संगणक नाही, म्हणून मुलांना वहीच्या पानावर व्हॉट्सॲपचा फॉरवर्ड लिहायला सांगते. एकीने लिहिलं: ‘आत्ताच कलेक्टर ऑफिसमधून कळलं, रात्री 11:42.’ पावणेबारा का नाही, विचारलं. ‘बाई, पावणेबारा म्हटलं की अंदाजे वाटतं.’ हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

भारतात व्हॉट्सॲपला साजेसा असाच खेळ करून चाचणी घेतली गेली. खेळलेल्या आणि न खेळलेल्यांत फरक दिसला नाही. मला त्याचं नवल नाही. आपल्याकडे थाप काकांच्या नावाने येते, आणि काकांना खोटं पाडायचं कसं, हे कुठला खेळ शिकवतो? 2023 मध्ये जुने आकडे पुन्हा तपासणाऱ्या संशोधकांनी तर आणखी खोच काढली: खेळल्यावर लोकांची पारख सुधारत नाही, ते खऱ्या बातमीलाही खोटं म्हणू लागतात.

ते मी वर्गात पाहिलंय. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. खरी-खोटी बातमी ओळखायच्या खेळात त्या बातमीची चिठ्ठी मुलांपुढे ठेवली, तर निम्म्या वर्गाने ‘खोटी’ म्हणून बाजूला सारली. ‘एवढं कुणी मारतं का?’ आता माझ्या चिठ्ठ्यांच्या डब्यात जितक्या खोट्या, तितक्याच खऱ्या बातम्या असतात, आणि खरी ओळखली तर दोन गुण जास्त.