चौकोनी पियानोचें मोल

जुन्या बंगल्यांतील सामान विक्रीस निघालें म्हणजे त्यांत क्वचित् लांबट मेजासारखें एक वाद्य दृष्टीस पडतें. त्यास चौकोनी पियानो म्हणतात. हस्तिदंती पट्ट्या पाहून मन मोहतें, व देवळांतील गायकवृंदासाठीं तें घ्यावें असें वाटूं लागतें. परंतु पैसा गोरगरिबांच्या वर्गणीचा असतो. म्हणून किंमत विचारण्यापूर्वीं त्याचा इतिहास पाहावा हें बरें.

या वाद्याचा उत्कर्ष लंडन शहरीं झाला. जर्मनींतून तेथें आलेल्या योहानेस झुम्पे याच्या हातचीं १७६६ सालचीं वाद्यें आजही उपलब्ध आहेत. १७६८ सालीं योहान क्रिस्तियान बाख यानें लंडनांत पियानोचें जाहीर एकलवादन केलें, तें अशाच वाद्यावर, असें मानितात. (हा बाख इटलींत असतां कॅथलिक झाला होता व १७६० सालीं मिलानच्या महामंदिरांत ऑर्गनवादक नेमला गेला होता.) वाद्य लहान व त्या काळच्या मानानें स्वस्त, म्हणून मध्यम स्थितीच्या घरांत तें शिरलें आणि हजारोंनीं बनलें. तेव्हां तें जुनें म्हणून दुर्मिळ, असें समजूं नये. पुढें उभा पियानो आला. ब्रॉडवुडच्या कारखान्यानें १८६६ च्या सुमारास चौकोनी घडण सोडिली; अमेरिकेंत ती त्यानंतरही कांहीं वर्षें टिकली.

आतां परीक्षा. आरंभींच्या वाद्यांचा सांगाडा लांकडी. तारांची ओढ सतत सोसून पेटी पिळवटते व एखादा कोपरा वर उचलला जातो. तळाशीं नजर लावून पाहिल्यास हें कळतें. बॉस्टनच्या आल्फियस बॅबकॉकनें १८२५ सालीं अखंड ओतीव लोखंडी चौकटीचें पेटंट घेतलें, तें हीच ओढ सोसण्यासाठीं. मात्र पुढचीं तशीं वाद्यें इतकीं अवजड झालीं कीं जिन्यावरून नेणें कर्मकठीण. नंतर खुंट्या पाहाव्या. त्या सैल असतील तर सूर टिकत नाहीं. नादफळी चिरलेली आहे काय, कापडास कसर लागली आहे काय, हेंही पाहावें. आपल्याकडील पावसाळ्यांत लांकूड फुगतें व जुना सरस सुटतो, हें विकणारा सांगत नाहीं! कित्येकांचा तर आंतला भाग काढून लिहिण्याचें मेज केलेलें असतें.

शिवाय हीं वाद्यें आजच्याहून खालच्या पट्टींत लाविलीं जात. पायपेटीशीं सूर जुळवावा म्हणून तारा ओढल्या तर तारा तुटतील, नाहीं तर पेटीच वाकेल. तालमीसाठीं हें वाद्य घेऊं नये, असें माझें स्पष्ट मत आहे; दुरुस्तीचा खर्च मूळ किंमतीच्या कितीतरी वर जातो. पेटी सरळ, आंतील भाग मूळचे व कोणीं छेडछाड न केलेले असें अठराव्या शतकांतील वाद्य हातीं लागलें, तर गोष्ट निराळी. तें संग्रहासाठीं अवश्य घ्यावें, आणि जाणत्या कारागिरास दाखविल्यावांचून त्याच्या एकाही खुंटीस हात लावूं नये.