लेखनसीमेपासून पूर्णविरामापर्यंत

वाक्य कोठे संपले आणि विशेषनाम कोठे आरंभले, हे दाखवून देण्याचे उत्तरदायित्व लिहिणाऱ्याचे की वाचणाऱ्याचे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आणि केवळ पंतोजींच्या अधिकारातला वाटतो. परंतु खानदेशाच्या गेल्या दोनशे वर्षांतील लेखनव्यवहाराचे अवलोकन केले असता असे दिसून येते की, या अवधीत त्या प्रश्नाचे उत्तर पूर्णपणे पालटले, आणि आज जळगाव-धुळ्याच्या शाळांतून इंग्रजीच्या वहीत तांबड्या शाईने जो स्वल्पविराम घातला जातो किंवा जे कॅपिटल अक्षर दुरुस्त केले जाते, ते त्या पालटाचेच अद्याप अपुरे राहिलेले कार्य होय.

१८१८ साली पेशवाईचा अस्त होऊन खानदेश कंपनी सरकारच्या अमलाखाली आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे आपले मुख्य ठाणे केले, तेव्हा त्याच्या हाती जे दप्तर पडले ते मोडीतले होते. मोडी लिहिणारा कारकून प्रथम कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढी आणि मग त्या रेघेखाली, बोरू शक्य तितका कमी उचलीत, अक्षरामागून अक्षर गुंफीत जाई. त्यात दोन शब्दांमध्ये अंतर नसे, ऱ्हस्वदीर्घाचा विवेक नसे, वाक्याच्या अखेरीस बिंदू नसे, आणि नावाचे अक्षर इतर अक्षरांहून कोणत्याही प्रकारे निराळे नसे. संस्कृत पोथ्यांतून चालत आलेले एक दंड व दोन दंड बाळबोध लिपीतल्या श्लोकांना आणि ओव्यांना पुरत असत. जमाखर्चाच्या आणि पत्रव्यवहाराच्या गद्याला मात्र त्यांचीही सोबत नव्हती.

असे असूनही त्या कागदांत अंदाधुंदी होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. चिन्हांचे काम तेथे शब्दच करीत असत. ‘विनंती ऐसीजे’ आले की मायना संपून मजकूर सुरू झाला हे कळे. ‘विशेष’ आले की नवे प्रकरण उघडले. ‘म्हणोन’ आले की दुसऱ्याच्या तोंडचे बोलणे तेथे पुरे झाले. आणि ‘बहुत काय लिहिणे’ या शब्दांपाशी पत्र आवरते झाले. विशेषनामाचीही अशीच व्यवस्था होती. माणसाचे नाव येण्यापूर्वी ‘राजश्री’, ‘श्रीमंत’ किंवा ‘तीर्थरूप’ पुढे चालत येई, आणि गावाचे नाव येण्यापूर्वी ‘मौजे’, ‘कसबे’, ‘परगणे’ किंवा ‘किल्ले’ यांपैकी एखादा शब्द त्याची वर्दी देई. ‘कसबे एरंडोल’ असे वाचणाऱ्याला एरंडोल हे स्थलनाम आहे हे समजण्यासाठी थोरल्या अक्षराची गरज भासत नसे. आणि सर्वांवर कळस म्हणजे अखेरची मुद्रा. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ अशी मुद्रा उमटे, पुढे पेशवाईत ‘लेखनसीमा’ किंवा ‘मोर्तब सुद’ उमटू लागले; लिहिणे येथे संपले, यापुढे कोणी एक अक्षरही वाढवू नये, असा तिचा अर्थ. वाक्यावाक्याला पूर्णविराम नसेल, परंतु सबंध कागदाला एक पूर्णविराम होता आणि तो राजसत्तेचा होता.

ही व्यवस्था पुरेशी ठरण्याचे कारण असे की, कागद लिहिणारा आणि कागद वाचणारा हे एकाच परंपरेत घडलेले असत. हुजुरातील चिटणिसाने लिहिलेले पत्र मामलेदाराच्या कचेरीत कारकून मोठ्याने वाचून दाखवी. कोठे थांबावे, कोठे सूर चढवावा आणि कोणता शब्द कोणापासून तोडावा, हे तो उमेदवारीच्या वर्षांत शिकलेला असे. म्हणजे विरामचिन्हे कागदावर नसून वाचणाऱ्याच्या कंठात होती. अपरिचित मनुष्याच्या हाती मात्र तोच कागद किती निसरडा होई, हे एका साध्या उदाहरणावरून ध्यानी येईल. ‘पाटील यांचे बंधू व कुलकर्णी हजर’ असे एखाद्या महजरात लिहिलेले असले, तर साक्षीला दोघे होते की तिघे? ‘पाटील’ या शब्दापुढे स्वल्पविराम घातला तर तिघे, न घातला तर दोघे. आणि वतनाच्या तंट्यात एका साक्षीदाराचे मोल काय असे ते सांगावयास नको.

या संदर्भात धुळ्याच्याच एका संग्रहाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांनी सत्कार्योत्तेजक सभेच्या आणि समर्थ वाग्देवता मंदिराच्या द्वारे रामदासी संप्रदायाच्या हस्तलिखितांचा जो ठेवा या नगरीत जमविला, त्यातील ग्रंथांना ज्या लेखनादर्शाचे वळण आहे, तो दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिल्या समासात सविस्तर सांगितलेला आहे. लेखनक्रियेच्या त्या निरूपणात अक्षराचा वाटोळेपणा आहे, सरळपणा आहे, काना-मात्रा-वेलांटीची नेमकी जागा आहे, कागदाच्या कडा मोकळ्या सोडण्याची सूचना आहे, शाईच्या काळेपणाची चिंता आहे. विरामचिन्हांविषयी मात्र एकही शब्द नाही. इतकेच नव्हे, तर ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सारे एकाच टाकाने लिहिल्यासारखे सारखे दिसावे, असा समर्थांचा आग्रह आहे. जेथे समत्व हेच सौंदर्य, तेथे वाक्यारंभीचे अक्षर मुद्दाम थोरले काढावे ही कल्पना केवळ परकीच नव्हे, तर विद्रूप वाटली असती.

इंग्रजीतही ही चिन्हे अनादि नव्हेत. युरोपातील प्राचीन लेखनातही शब्द एकमेकांना चिकटून येत; मध्ययुगातील मठवासी लेखकांनी शब्द सुटे केले, लहान वळणाची अक्षरे रूढ करून आरंभीचे अक्षर थोरले ठेवले, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसमधील आल्डस मनुशियस या मुद्रकाच्या छापखान्यात अर्धविरामाने आजचे रूप घेतले. अठराव्या शतकापर्यंत इंग्रज लेखक सामान्यनामांनाही यथेच्छ थोरली अक्षरे देत असत. ती चाल जर्मन भाषेत टिकली, इंग्रजीत ओसरली. १७९५ साली प्रसिद्ध झालेल्या लिंडली मरे याच्या व्याकरणात तर विरामांचे मापच दिलेले आहे: स्वल्पविरामाच्या दुप्पट अर्धविराम, त्याच्या दुप्पट अपूर्णविराम आणि त्याच्याही दुप्पट पूर्णविराम. ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन आणि प्लुताच्या तीन असे पाठ केलेल्या आपल्याकडील विद्यार्थ्याला हे गणित परके वाटण्याचे कारण नव्हते. स्वराऐवजी मौनाची मात्रा मोजावयाची, एवढाच काय तो भेद.

या पद्धतीचा मराठीत अधिकृत प्रवेश घडविण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी याच्याकडे जाते. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात सहभागी असलेल्या आणि पुढे सरकारी भाषांतरकाराच्या अधिकारपदावरून शालेय पुस्तकांच्या भाषेवर दीर्घकाळ देखरेख ठेवणाऱ्या या गृहस्थाने १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे लहानसे पुस्तक लिहिले, आणि त्याच्या संस्कारातून निघालेली क्रमिक पुस्तके मुंबई इलाख्याच्या इतर जिल्ह्यांप्रमाणे खानदेशच्या शाळांतही पोहोचली. या संक्रमणाची एक खूण आजही डोळ्यांनी पाहता येते. जळगाव जिल्ह्यातील रावेरहून थोडे पूर्वेला गेले की बऱ्हाणपूर लागते, जे एके काळी खानदेश सुभ्याचेच मुख्य नगर होते. लिपी दोन्हीकडे देवनागरीच, परंतु रावेरला मराठी वाक्य इंग्रजी बिंदूने संपते आणि बऱ्हाणपूरला हिंदी वाक्य अद्याप दंडाने संपते. मराठीने बिंदू सर्वस्वी स्वीकारला, पण अपूर्णविराम मात्र विसर्गासारखा दिसत असल्यामुळे हात राखूनच वापरला.

कॅपिटल अक्षराला मात्र देवनागरीचे दार कधीच उघडले नाही, कारण या लिपीत थोरले आणि धाकटे अशी अक्षरांची दोन कुळेच नाहीत. परिणामी घरी अहिराणी किंवा लेवा बोली बोलणारे, शाळेत पुस्तकी मराठी शिकणारे खानदेशी मूल इंग्रजीच्या पहिल्या इयत्तेत पाऊल टाकी, तेव्हा त्याला स्वल्पविराम अर्धा ओळखीचा असे आणि कॅपिटल अक्षर संपूर्ण अनोळखी. वाक्याचे पहिले अक्षर थोरले, माणसाचे व गावाचे नाव थोरले, इथवर ते समजे. परंतु सोमवार आणि जानेवारी यांना मान द्यावयाचा आणि हिवाळा-उन्हाळ्याला द्यावयाचा नाही, तापी या नावाला द्यावयाचा आणि नुसत्या ‘नदी’ला द्यावयाचा नाही, परंतु तापीला जोडून ‘नदी’ आली की तिलाही द्यावयाचा, ही शिष्टाचारसंहिता त्याला पाठच करावी लागे. त्यातही ‘मी’ या अर्थाचे एकाक्षरी सर्वनाम वाक्यात कोठेही आले तरी थोरलेच लिहावयाचे, हे अर्जाच्या अखेरीस स्वतःला ‘आज्ञाधारक सेवक’ म्हणविणाऱ्या समाजाला उद्धटपणाचे वाटले असल्यास नवल नाही. वस्तुतः त्याचे मूळ अहंकारात नसून, हस्तलिखितात ते किरकोळ उभे अक्षर शेजारच्या रेघांत हरवून जाई, या अडचणीत आहे. षष्ठीच्या अॅपॉस्ट्रॉफीची कथाही अशीच. आपला ‘चा-ची-चे’ नामाला बिनबोभाट चिकटतो. तेथे मात्र नामाच्या एकवचन-अनेकवचनाप्रमाणे ते टिंबवजा चिन्ह प्रत्ययाच्या अलीकडे की पलीकडे, हा निर्णय दर वेळी नव्याने करावा लागतो.

कचेरीत या शिक्षणाला रोकडे मोल होते. तालुक्याचा मजकूर मोडीत येई, वरिष्ठाकडे जाणारा अहवाल इंग्रजीत जाई, आणि या दोहोंच्या सीमेवर बसलेल्या कारकुनाला विरामशून्य मजकुराचे तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्याला शेंडी-शेपूट देऊन, तो अशा साहेबापुढे ठेवावा लागे की ज्याने मौजे आणि कसबे यांची वर्दी कधी ऐकलेली नाही. १९०६ साली जिल्ह्याचे विभाजन होऊन जळगाव हे पूर्व खानदेशाचे आणि धुळे हे पश्चिम खानदेशाचे ठाणे झाले, तेव्हा अशा कचेऱ्याही दुणावल्या. याच्या अगदी उलट धडा जळगावच्या कापसाच्या बाजाराने दिला. अमेरिकेतील यादवी युद्धाने खानदेशी कापसाला भाव आणला, आगगाडी भुसावळ-जळगावला आली, आणि रुळांबरोबर तारायंत्रही आले. तारेला शब्दागणिक पैसे पडत. म्हणून तिची भाषा सर्व अक्षरे थोरली, विरामचिन्हे जवळजवळ नाहीत, अशी होती. इंग्रजीनेच जणू मोडी स्वीकारली होती! आणि ती चालून गेली, कारण तार करणारा अडत्या आणि तार वाचणारा मुंबईचा व्यापारी एकमेकांचा व्यवहार पुरता जाणून होते.

विरामचिन्ह म्हणजे अपरिचित वाचकाची केलेली तरतूद, हा सिद्धान्त धुळ्याला जितका स्पष्ट प्रत्ययास येतो तितका अन्यत्र क्वचितच येत असेल. ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे या नगरीत निवर्तले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने येथे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांनी आयुष्यभर हिंडून गोळा केलेला मोडी कागद जेव्हा बाळबोध मुद्रणात उतरतो, तेव्हा मजकुराचा एक शब्दही न बदलता संपादकाला तो अनेक ठिकाणी तोडावा लागतो. आणि प्रत्येक तोडणे हे अर्थनिर्णयाचे कृत्य असते. महजरातले साक्षीदार दोन की तीन, याचा निकाल आता कारकुनाच्या कंठातून निघून संपादकाच्या लेखणीत येऊन बसलेला असतो.

जे कागदाचे, तेच वाणीचे. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक याप्रमाणे, विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने केली आणि ती साने गुरुजींनी त्या ओघातच लिहून घेतली. अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना छात्रालयातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालविणाऱ्या गुरुजींचा हात त्वरेला सरावलेला होता, हे खरे. तथापि बोलणाऱ्याचा श्वास कोठे थांबला, कोणते वाक्य प्रश्न होते आणि कोणते केवळ आश्चर्य, हे ज्या लाखो वाचकांनी तो आवाज कधीच ऐकला नाही त्यांच्यापर्यंत पोहोचविणे, हे चिन्हांवाचून साधत नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांच्या बाबतीत तर रचनाकर्ती स्वतः निरक्षर. जात्यावर आणि शेतात स्फुरलेल्या त्यांच्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या आणि १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, त्या पुस्तकरूपाने आल्या. त्या गाणाऱ्या कंठाला स्वल्पविराम ठाऊक नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. गरज होती ती पुण्यामुंबईला ते पुस्तक उघडणाऱ्याला.

यावरून इंग्रजीच्या अध्यापनासंबंधी एक गोष्ट निष्पन्न होते. आपल्याकडे ही चिन्हे दंडविधानाच्या कलमांसारखी शिकविली गेली: येथे चुकलात, अर्धा गुण गेला. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून टंकलेखनाच्या वर्गापर्यंत, स्वल्पविरामानंतर एक जागा आणि पूर्णविरामानंतर दोन जागा सोडण्याच्या शिस्तीपर्यंत, नियम पुष्कळ सांगितले गेले, परंतु नियमामागचा वाचक क्वचितच दाखविला गेला. ज्याला आपला आवाज ठाऊक नाही, ज्याने जळगाव पाहिले नाही आणि जळगाव हे माणसाचे नाव की गावाचे हेही ज्याला माहीत नाही, अशा मनुष्याशी आपण बोलत आहोत, हे एकदा मनात ठसले की पहिले अक्षर थोरले का आणि वाक्याअखेर बिंदू का, याचे कारण विद्यार्थी स्वतःच सांगू लागतो. हल्ली भ्रमणध्वनीवरील निरोपांत मुले विरामचिन्हे आणि कॅपिटल अक्षरे दोन्ही टाकून देतात, याबद्दल वडीलधारे खंत करतात. मला ती खंत अस्थानी वाटते. मित्राला पाठविलेला निरोप हा हुजुरातून मामलेदाराला गेलेल्या पत्राच्या जातीचा आहे, आणि तेथे मोडीचा न्याय लागू पडतो. तोच मुलगा नोकरीसाठी परक्या शहरातील परक्या अधिकाऱ्याला इंग्रजीत अर्ज लिहावयास बसेल, तेव्हा मात्र त्याचा वाचक पालटलेला असतो, आणि वाचक पालटला की लेखनाचा धर्मही पालटतो. या दोहोंतील विवेक ज्याला शिकविला गेला, त्याला स्वल्पविरामाचे नियम निराळे पाठ करून घ्यावे लागणार नाहीत.