धेंपोने जिंकलेली बढती सोडली तेव्हा

2016 मध्ये गोव्याच्या धेंपो स्पोर्ट्स क्लबने आय-लीगची सेकंड डिव्हिजन जिंकली आणि एका वर्षानंतर देशाच्या वरच्या लीगमध्ये परतायचा हक्क मिळवला. हा काही साधासुधा क्लब नव्हता. 2004-05 ते 2011-12 या काळात पाच वेळा राष्ट्रीय विजेता, 2008 मध्ये एएफसी कपच्या उपांत्य फेरीत. आणि तरी पुढच्या काही महिन्यांत धेंपोने ही बढती सोडून दिली.

का सोडली, याची दोन उत्तरं देता येतात आणि दोन्हींना पुरावा सापडतो. संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी म्हणूनच हे प्रकरण मला हाताळण्यासारखं वाटतं. पण त्यासाठी आधी एक हंगाम मागे जावं लागेल.

2014-15 च्या आय-लीगमध्ये 11 क्लब होते. तळाला होता पुण्याचा भारत एफसी, त्याच्या एकच पायरी वर धेंपो. खाली कोण गेलं? धेंपो. भारत एफसी हा कल्याणी समूहाचा क्लब निविदेतून थेट वरच्या लीगमध्ये आला होता आणि थेट प्रवेश घेणाऱ्यांना सुरुवातीला खाली ढकलायचं नाही, असा नियम होता. म्हणजे शेवटचा वाचला आणि शेवटून दुसरा बुडाला. गंमत पुढे आहे. ज्याला नियमाने वाचवलं, तो भारत एफसी त्याच उन्हाळ्यात बंद पडला. 2009 मध्ये बढती मिळवून आलेला आणि 2012-13 ला उपविजेता ठरलेला पुणे एफसीसुद्धा त्याच वेळी लीगमधून गेला.

पुढच्या हंगामात हाच प्रकार पुन्हा. 2015-16 ला नऊ क्लब. तळाला पुन्हा पुण्याचाच, पुन्हा थेट प्रवेश घेतलेला डीएसके शिवाजियन्स. तो सुरक्षित, आणि त्याच्या वरचा, मिझोरामहून बढती मिळवून पहिल्यांदाच आलेला ऐझॉल एफसी खाली. तुम्ही फक्त गुणतक्ता हाताशी घेऊन 'कामगिरी आणि रेलिगेशन' असा अभ्यास करायला बसलात तर ही दोन वर्षं तुमचं मॉडेल मोडून टाकतील. तक्त्याच्या शेजारी नियमपुस्तक उघडं ठेवायचं ते यासाठी.

तर धेंपो खाली गेला, एका वर्षात जिंकून वर आला. आणि वर येताना ती 'वरची' पायरीच हलली. मे 2016 मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने नवा आराखडा मांडला. इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएल सगळ्यात वर, आय-लीग दुसऱ्या पायरीवर 'लीग वन' म्हणून, तिच्याखाली 'लीग टू'. आणि लीग वन जिंकून आयएसएलमध्ये जायची सोय निदान काही वर्षं तरी नाही. यामागे पैशाचा करार होता. महासंघाने 2010 मध्ये आपले व्यावसायिक हक्क 15 वर्षांसाठी 700 कोटी रुपयांना आयएमजी-रिलायन्सला दिले होते, आणि 2014 मध्ये सुरू झालेली आयएसएल ही त्या करारातूनच आली.

खंडित हंगाम म्हटलं की आपल्याला 2020 आठवतं. सामने थांबले, मग कोण वर, कोण खाली? इंग्लंडच्या लीग वनने तेव्हा सरळ प्रतिसामना गुण काढले. पीटरबरोचे 35 सामन्यांत 59 गुण, विकमचे 34 सामन्यांत तेवढेच 59. भागाकार केला की 1.69 आणि 1.74. एवढ्यावर विकम आठव्यावरून तिसऱ्या स्थानी गेला, पीटरबरो सहाव्यावरून सातव्या. पहिल्या सहांतच असल्याने विकमला प्लेऑफ मिळाला आणि तो जिंकून बढतीही. पीटरबरोचा प्लेऑफ हुकला. कठोर वाटतं, पण तिथे वरची लीग जागेवर होती आणि तिची किंमत सगळ्यांना माहीत होती. त्याच उन्हाळ्यात फुलहॅम विरुद्ध ब्रेंटफर्ड या एका प्लेऑफ अंतिम सामन्याची किंमत डेलॉइटने किमान 13.5 कोटी पौंड धरली होती. शिवाय प्रीमियर लीगमधून पुन्हा खाली पडलात तरी पुढची काही वर्षं पॅराशूटचे पैसे मिळतात.

2016 चा आपला खंड वेगळ्या जातीचा. सामने एकही दिवस थांबले नव्हते. थांबली होती ती शिडी. माझ्या मते हा खंड जास्त धोक्याचा, कारण तो गुणतक्त्यात दिसतच नाही.

आता धेंपोच्या जागी बसून हिशेब करा. खर्च नक्की आहे: परदेशी खेळाडू, प्रशिक्षक, ऐझॉल-शिलाँगपर्यंतचे प्रवास, परवान्यासाठी लागणारी अकादमी आणि ताळेबंद. (परवान्याच्या अटी पुऱ्या न केल्याने चर्चिल ब्रदर्ससारखा माजी विजेता 2014 मध्ये लीगबाहेर गेला होता, तेव्हा हा खर्च टाळता येण्यासारखा नव्हता.) मिळकत मात्र दोन गोष्टींच्या गुणाकारावर: वरच्या लीगमध्ये पोचल्यावर किती मिळेल, गुणिले पोचण्याची शक्यता. नव्या आराखड्याने दुसरा आकडा जवळपास शून्यावर आणला. पहिला कितीही मोठा असो, शून्याने गुणल्यावर काय उरणार?

येवल्याच्या विणकराला हे वेगळं शिकवावं लागत नाही. रेशमात आणि जरीत पैसे आधी घालायचे, पैठणी कित्येक महिने मागावर, आणि रक्कम हातात येते साडी विकल्यावर. 2020 च्या टाळेबंदीत बाजार बंद झाला तेव्हा मागावर चढलेला माल तिथेच अडकला. बढती मिळालेला क्लबही असाच आधी पैसे घालून बसतो. फरक इतकाच की पैठणीला आज ना उद्या गिऱ्हाईक येणार हे माहीत असतं. धेंपोला गिऱ्हाईकच नाही असं लेखी कळवलं होतं.

जून 2016 मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी माघार जाहीर केली, पुढे धेंपोनेही. तीन जागा रिकाम्या झाल्या.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. पण त्या जागा भरल्या कुणी ते बघा. खाली गेलेल्या ऐझॉलला परत घेतलं. सेकंड डिव्हिजनमध्ये धेंपोच्या मागे दुसरा आलेला मिनर्व्हा पंजाब आणि चेन्नई सिटी हे निविदेतून आले. (चर्चिलही याच हंगामात परतला.) आणि मग 2016-17 चा आय-लीग विजेता ऐझॉल. 2017-18 चा मिनर्व्हा. 2018-19 चा चेन्नई सिटी. गोव्याच्या माघारीनंतर आत आलेल्या तिघांनी ओळीने तीन वर्षं चषक नेला!

हे पहिल्यांदा लक्षात आलं की हात लगेच निष्कर्ष लिहायला सरसावतो: गोवेकर घाबरले आणि चुकले. थांबा. निर्णय जोखायचा तर तो घेतला त्या दिवशी काय माहीत होतं त्यावर, नंतर काय झालं त्यावर नाही. आणि 'नंतर'च मोजायचं ठरवलं तरी चषक मोजून भागत नाही, कारण प्रश्न पैशाचा होता. ऐझॉल विजेता झाला आणि त्याने वरच्या लीगमध्ये जागा मागितली, निषेध केला. 2017-18 ला आयएसएल दोन क्लबांनी वाढली खरी, पण ते होते बेंगळुरू आणि जमशेदपूर. चेन्नई सिटी आज लीगमध्ये नाही. मिनर्व्हाचा संघ 2020 मध्ये राउंडग्लासने घेतला आणि नव्या मालकाखाली, पंजाब एफसी म्हणून, 2022-23 ची आय-लीग जिंकून तो आयएसएलमध्ये बढती मिळवणारा पहिला क्लब ठरला. म्हणजे 2016 मध्ये घातलेल्या पैशाचं फळ सात वर्षांनी, आणि तेही दुसऱ्याच्या हाती. धेंपोचा हिशेब मला तरी बरोबर वाटतो.

पण गोव्याची बाजू फक्त तत्त्वाची होती असंही समजू नका. एफसी गोवा 2014 मध्ये उभा राहिला तेव्हा त्याच्या मालकांत श्रीनिवास धेंपो आणि दत्तराज साळगावकर होते. शिडी मोडली तरी या घराण्यांची ओळख वरच्या मजल्यावर आधीच होती. शिवाय गोव्याचा क्लब फुटबॉल खाणीच्या पैशावर वाढला. धेंपोंनी आपला खाण व्यवसाय 2009 मध्ये सेसा गोवाला 1,750 कोटींना विकला, आणि 2012 मध्ये राज्यातलं खाणकाम बंद झालं. तोट्यातला क्लब हौसेखातर चालवण्याची जुनी सवय तेव्हाच सैल झाली असावी, हा माझा अंदाज. आराखड्याने तिला बाहेर पडायला दार दिलं. त्याची किंमत मोजली ती खेळाडूंनी. स्थानिक मुलांना राष्ट्रीय लीगमध्ये उतरवणारे तीन क्लब राज्याच्या लीगपुरते उरले.

धेंपो आय-लीगमध्ये परतला तो 2024-25 ला, पुन्हा खालून बढती मिळवून. तोवर वरची वाट कागदावर तरी उघडली होती: विजेत्याला आयएसएल. त्या हंगामात चषक चर्चिल ब्रदर्सचा की वाराणसीच्या इंटर काशीचा, हा वाद एका सामन्यातल्या अपात्र खेळाडूवरून स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादापर्यंत गेला. 18 जुलै 2025 ला निकाल इंटर काशीच्या बाजूने लागला आणि चर्चिलची बढती गेली. पण 2010 चा तो 15 वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता, पुढचा झालेला नव्हता, आणि म्हणून आयोजकांनी 11 जुलैलाच क्लबांना कळवलं होतं की आयएसएलचा नवा हंगाम तूर्त स्थगित. इंटर काशीला बढती मिळाली तेव्हा वरची लीग थांबून आठवडा झाला होता. ती सुरू झाली फेब्रुवारी 2026 मध्ये, छोट्या स्वरूपात.