पंधरा जण तेच, मॅनेजर नवा

5 जुलै 1998, डब्लिन

तुम्ही क्रोक पार्कच्या स्टँडमध्ये बसला आहात आणि तुमच्या डोळ्यांना अजून चेंडूच सापडत नाहीये. काळजी करू नका, हर्लिंग पहिल्यांदा बघणाऱ्या सगळ्यांचं असंच होतं. अ‍ॅशच्या लाकडाची, टोकाला पसरट झालेली काठी म्हणजे हर्ली. क्रिकेटच्या चेंडूएवढा, पण वजनाला हलका आणि शिवणीच्या कडा वर आलेला चामडी चेंडू म्हणजे स्लिटर. तो बघा, आकाशातून खाली येतोय. चार काठ्या वर उठतात, त्यांच्यामधून एक उघडा हात वर जातो, चेंडू झेलतो आणि दोन पावलांत तो परत हवेत. आडव्या दांड्याच्या वरून गेला, पांढरा झेंडा फडकला: एक पॉइंट. दांड्याखालून जाळ्यात गेला असता तर हिरवा झेंडा, गोल, आणि त्याचे तीन. बऱ्याच जणांच्या डोक्यावर हेल्मेटही नाही. ते सक्तीचं व्हायला 2010 उजाडेल.

आज लेन्स्टर प्रांताची फायनल आहे, दोन काउंट्यांमधली, म्हणजे जिल्ह्यांसारख्या दोन भागांमधली. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे किलकेनीवाले आणि हिरव्या-पांढऱ्या-सोनेरी जर्सीतले ऑफलीवाले. सत्तर मिनिटं संपतात तेव्हा फळ्यावर किलकेनी 3-10, ऑफली 1-11. म्हणजे एकोणीस विरुद्ध चौदा. तुमच्या शेजारचे ऑफलीकर गप्प उठतात. हरल्याचं दुःख त्यांना नवं नाही. पण हे पंधरा जण असे ढिले, विस्कटलेले खेळताना बघणं त्यांना झेपलेलं नाही. यांतल्या अनेकांनी 1994 साली अख्ख्या आयर्लंडचं विजेतेपद घरी आणलं होतं. शेवटच्या पाच मिनिटांत दोन गोल आणि पाच पॉइंट करून त्यांनी लिमरिकच्या तोंडचा घास काढून घेतला होता.

साइडलाइनवर बाब्ज कीटिंग उभे आहेत, ऑफलीचे मॅनेजर. टिपररीचे नावाजलेले खेळाडू आणि मॅनेजर म्हणून त्याच टिपररीला 1989 आणि 1991 ची विजेतेपदं मिळवून देणारे. सामन्यानंतर पत्रकारांसमोर त्यांचा संताप बाहेर पडतो आणि आपल्याच खेळाडूंना ते सैरावैरा धावणाऱ्या मेंढ्यांच्या कळपाची उपमा देतात.

तोच आठवडा, ऑफली

आता बर गावात या. आयर्लंडच्या मधोमध असलेली ऑफली काउंटी सपाट आहे, पीटच्या काळ्या दलदलीची. लोकवस्ती जेमतेम साठ हजारांच्या घरात आणि हर्लिंगचा जोर काउंटीच्या दक्षिण भागातच, कारण उत्तरेत फुटबॉल चालतं. म्हणजे हातात काठी घेऊन वाढणारी पोरं मूठभर पॅरिशांमधली, एकेका चर्चच्या हद्दीतल्या गावांमधली. दुकानात, पबमध्ये, चर्चच्या पायऱ्यांवर एकच विषय चालू आहे. मेंढ्या म्हटलेल्या पोरांपैकी प्रत्येक जण कुणाचा तरी भाऊ आहे, कुणाचा तरी भाचा. ज्या खेळाडूवर चर्चा चालली आहे तो स्वतःही इथेच कुठेतरी सकाळी कामावर गेलेला असतो, कारण या खेळात खेळाडूंना पगार नसतो. फायनल खेळलेला माणूस सोमवारी सकाळी नोकरीवर हजर होतो. मॅनेजरलाही अधिकृतपणे प्रवासखर्चाच्या पलीकडे काही मिळत नाही.

गेलिक खेळांचा पाया समजून घ्यायचा तर याच दुकानात पाच मिनिटं थांबायला हवं. 1884 मध्ये थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन सुरू झाली आणि तेव्हापासून हा डोलारा पॅरिशच्या क्लबवर उभा आहे. क्लब आपल्या गावाचा आणि काउंटीचा संघ त्या काउंटीतल्या क्लबांचा. खेळाडूंची खरेदी-विक्री नाही, लिलाव नाही, बाहेरून स्टार आणणं नाही. आपल्याकडे रणजीसाठी खेळाडू राज्य बदलतात, इथे तशी सोय जवळजवळ नाहीच. जी पोरं जन्माला आली, तीच खेळणार. म्हणून काउंटी हरू लागली की काउंटी बोर्डाच्या हातात बदलण्याजोगी एकच जागा उरते, आणि ती साइडलाइनवरची. मॅनेजर मात्र परगावचा, परकाउंटीचा चालतो.

ऑफलीचा मधल्या फळीतला जॉनी पिल्किंग्टन गप्प बसत नाही. तो वर्तमानपत्राला मुलाखत देतो आणि कीटिंग यांच्या पद्धतीवर उघड बोट ठेवतो. ऑफलीचं हर्लिंग म्हणजे चेंडू हाताळत न बसता आला तसा पहिल्याच फटक्यात पुढे काढायचा. तो खेळच यांनी आमच्याकडून काढून घेतला, असा त्याच्या बोलण्याचा रोख. दोन्ही बाजूंचं बोलणं छापून आल्यावर मागे फिरायला जागा राहत नाही. कीटिंग राजीनामा देतात.

जुलैची एक संध्याकाळ

आयर्लंडमध्ये जुलैत रात्री दहापर्यंत उजेड असतो. सरावाच्या मैदानाच्या कुंपणाला टेकून तुम्ही उभे आहात. खेळाडू एकेक करून गाड्यांमधून उतरतात, बूट बांधतात आणि हळूच एकमेकांना विचारतात: हा कोण? नवा मॅनेजर मायकेल बॉण्ड शेजारच्या गॉलवे काउंटीतल्या लक्रेचा, पेशानं शिक्षक. गॉलवेच्या तरुण संघांबरोबर त्यानं काम केलं आहे, पण ऑफलीच्या ड्रेसिंग रूममध्ये त्याला ओळखणारं फारसं कुणी नाही.

हंगाम संपला असता तर ही ओळख पुढच्या वर्षीवर गेली असती. पण 1997 पासून नियम बदलला आहे. मन्स्टर आणि लेन्स्टर या प्रांतांच्या फायनलमध्ये हरलेल्यांनाही आता उपांत्यपूर्व फेरीतून दुसरी संधी मिळते. लोक त्याला मागचं दार म्हणतात. त्या दारानं ऑफली अजून स्पर्धेत आहे आणि पुढचा सामना फार दूर नाही.

आता नीट बघा, कारण जे घडतंय ते डोळ्यांत भरणारं नाही. बॉण्ड कुणालाही नवा खेळ शिकवत नाही. सराव कडक आहे, वेग वाढवलाय, पण चेंडू जमिनीवरून आणि पहिल्या फटक्यात निघतोय, बर आणि क्लॅरीन गावांतल्या पोरांना लहानपणापासून येतो तसाच. एक फटका चुकतो, दुसरा चुकतो. तिसरा चेंडू गवतावरून सपकन जातो आणि धावणाऱ्या माणसाला वेग कमी न करता सापडतो. कुंपणाशी उभे असलेले म्हातारे मान हलवतात. कालचा माणूस यांना मेंढ्या म्हणाला, हा माणूस त्यांना हर्लर समजून बोलतोय. या घडीला बदल म्हणाल तर एवढाच.

22 ऑगस्ट, पुन्हा क्रोक पार्क

अँट्रिमला हरवून ऑफली उपांत्य फेरीत आली आहे आणि समोर क्लेअर. क्लेअरचा मॅनेजर जर लॉकनेन, तोही शिक्षक. 1995 मध्ये त्यानं क्लेअरची एक्याऐंशी वर्षांची प्रतीक्षा संपवली ती याच ऑफलीला फायनलमध्ये हरवून. 1997 चं विजेतेपदही त्याचंच. पहिला सामना बरोबरीत सुटला, म्हणून आज फेरसामना आहे.

क्लेअर एका टप्प्यावर दहा पॉइंटनी पुढे होती. आता अंतर तीनवर आलंय, म्हणजे एका गोलाचं. ऑफलीचे लोक उभे आहेत, तुम्हीही उभे आहात. आणि पंच जिमी कूनी शिट्टी वाजवतो. सामना संपला, क्लेअर 1-16, ऑफली 2-10. घड्याळाकडे बघणारे ओरडू लागतात: अजून वेळ होती! दोनेक मिनिटं बाकी असताना शिट्टी वाजली आहे.

आता तुमच्या आजूबाजूचे लोक पायऱ्या उतरतात आणि मैदानात शिरतात. तुम्ही त्यांच्याबरोबर जा. हजारो माणसं गवतावर मांडी घालून बसतात, बायका, पोरं, टोप्या घातलेले शेतकरी. मोडतोड नाही, मारामारी नाही. फक्त उठायचं नाही. यानंतर इथे केरी आणि किल्डेअरच्या एकवीस वर्षांखालील संघांची फायनल व्हायची होती, ती होऊ शकत नाही. जवळजवळ सात आठवड्यांपूर्वी याच लोकांना आपल्या संघाचं नाव ऐकवत नव्हतं. आज त्याच संघासाठी ते मैदान सोडायला तयार नाहीत. मॅनेजर बदलल्याचा परिणाम मोजायचा असेल तर फळ्याइतकंच या गवताकडे बघा.

असोसिएशन तिसरा सामना देते: 29 ऑगस्ट, थर्ल्स. तिथे ऑफली 0-16, क्लेअर 0-13. चूक घड्याळाची होती हे खरं, पण मिळालेली संधी पेलायला पाय आणि छाती लागते, आणि आता ती ऑफलीकडे होती.

13 सप्टेंबर, फायनल

समोर पुन्हा किलकेनी. हातातल्या संघाच्या यादीत ब्रायन व्हेलहन हे नाव शोधा. तो बचावातला, देशातला या जागेवरचा सर्वांत देखणा खेळाडू. 2000 साली निवडलेल्या सहस्रकातल्या सर्वोत्तम संघात तो असेल. पण आज त्याला फ्लू झालाय. बचावात त्याची दमछाक होतेय, चेंडू त्याच्या मागे पडतोय. साइडलाइनवर डोकी एकत्र येतात. आता बहुतेक मॅनेजर त्याला बाहेर काढतील आणि कुणी नाव ठेवणार नाही. पण बॉण्ड आणि त्याचे सहकारी त्याला बसवत नाहीत. ते त्याला थेट पुढे पाठवतात, किलकेनीच्या गोलसमोर.

तापानं फणफणलेला बचावपटू आक्रमणात जातो आणि एक गोल, सहा पॉइंट करतो. फळ्यावर ऑफली 2-16, किलकेनी 1-13. मागच्या दारानं आत येऊन हर्लिंगचं विजेतेपद जिंकणारा हा पहिला संघ. जुलैमध्ये ज्यांची कळपाशी तुलना झाली तेच हे खेळाडू. त्यात एकही विकत आणलेला नाही.

नोव्हेंबर 1998, किलकेनी

आता चला हरलेल्यांच्या गावी. केव्हिन फेनेली एका हंगामानंतर मॅनेजरपद सोडतात आणि काउंटी बोर्ड ते ब्रायन कोडी यांना देतं. प्राथमिक शाळेतले शिक्षक, 1982 च्या विजेत्या किलकेनीचे कॅप्टन. 1999 ची फायनल ते कॉर्ककडून एका पॉइंटनं हरतात, 0-13 विरुद्ध 0-12. किलकेनीची माणसं धीर धरतात आणि बोर्ड कोडींना हात लावत नाही. 2000 च्या फायनलमध्ये कोडींचा संघ ऑफलीला 5-15, 1-14 असा लोळवतो. ऑफलीच्या साइडलाइनवर तोवर बॉण्ड नाही, व्हेलहनचे वडील पॅड जो आहेत. कोडी मात्र थांबतात ते थेट 2022 च्या जुलैत, चोवीस हंगाम आणि अकरा विजेतेपदांनंतर. त्यांची जागा डेरेक लिंग घेतो, त्यांच्याच हाताखाली खेळलेला.

एकाच फायनलच्या दोन बाजू आहेत या. एका काउंटीला अर्ध्या हंगामात बदल करावा लागला, दुसरीनं तो केल्यावर चोवीस वर्षं टिकवला. दोघींनाही यश आलं, म्हणून लवकर बदला किंवा कधीच बदलू नका, असा नियम यातून काढता येत नाही. कीटिंगही लहान माणूस नव्हते, विजेतेपदं त्यांनी जिंकून दाखवली होती. पण जिथे खेळाडू विकत मिळत नाहीत, तिथे मॅनेजर निवडणं म्हणजे गावानं आपल्याच पोरांशी कसं बोलायचं हे ठरवणं. बॉण्डनं आणि कोडींनी, अगदी वेगवेगळ्या स्वभावाच्या दोघांनी, हातात असलेल्या माणसांवर भरवसा ठेवला आणि त्यांच्याकडून कष्टही करून घेतले. दर हिवाळ्यात आयर्लंडमधून बातम्या येत राहतील, अमुक काउंटीचा मॅनेजर गेला, तमुक आला. त्या वाचताना नव्या माणसानं आधी किती चषक जिंकलेत हे खुशाल बघा, पण त्याचबरोबर तो त्या काउंटीच्या पोरांबद्दल पहिल्या दिवशी काय बोलला तेही शोधून वाचा. पुढच्या हंगामाचा अंदाज तुम्हाला तिथेच बांधता येईल.